मुहूर्ताचा जोड

कालिंदी शिरगुप्पेने डोक्यावरचा हेडफोन काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. सातव्या जोडातून येणारी खरखर काही बदलली नाही.

"झालं का?" जिन्याच्या तोंडाशी छत्री उघडून बसलेल्या आरवाडे सरांनी विचारलं. "बावीसच्या बावीस जोड ऐकायचे आहेत हां. तीन-चार ऐकून शिक्का मारायची तुमच्या खात्याची पद्धत मला ठाऊक आहे."

"सगळे ऐकतेय, सर."

सदानंद आरवाडे म्हणजे माधवनगरातले निवृत्त प्राध्यापक. घरावर सोलर बसवायचं ठरल्यावर त्यांनी मुलीचं लग्न जमवतानाही केली नसेल इतकी चौकशी केली होती. बसवणाऱ्याचा मान्यता क्रमांक त्यांनी स्वतः नोंदवहीत पडताळला, मान्यतेची मुदत कधी संपते ते पाहिलं. कंपनी बुडाली तर पंचवीस वर्षांची हमी कोण पाळणार, हे विमेवाल्याकडून लिहून घेतलं. काम पसंत पडलं नाही तर करार मोडायला ग्राहकाला चौदा दिवस मिळतात हे वाचल्यावर तेराव्या दिवशी सरकारी तपासणी मागवली. हे सगळे कागद एका निळ्या फायलीत होते आणि फाईल आत्ता त्यांच्या मांडीवर होती.

खरं म्हणजे इथे काही निघायचं कारणच नव्हतं. काम भरमगोंडा मगदूमांचं होतं. भरमूअण्णांचं काम म्हटलं की सांगलीपासून मिरजेपर्यंत कुणी तपासणी मागवत नसे. कालिंदी स्वतः त्यांच्या हाताखाली चार वर्षं राबली होती. जोड कसा दाबायचा हे तिला त्यांनी शिकवलं होतं, आणि जोड कसा ऐकायचा हे नंतर सरकारने. त्यामुळे सकाळी अण्णांचं नाव वाचून ती खुशीत आली होती. अर्ध्या तासात उरकून सरांकडचा चहा प्यायचा, एवढाच तिचा बेत होता.

आता चहाची आठवणसुद्धा नको वाटत होती.

छतावरच्या पॅनेलांतून निघणारी वीज घरातल्या विजेसारखी नसते. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे कुठे ठिणगी उडाली तरी तिला विझायला फुरसत मिळते. छतावरची वीज एकाच दिशेने, एकसारखी वाहते. तिथे जोड कच्चा राहिला तर ठिणगी विझतच नाही. ती ज्योत होऊन बसते आणि मिळेल ते जाळत सुटते. पॅनेलं कारखान्यात यंत्रं बनवतात, पण छत प्रत्येकाचं वेगळं. कुणाची पाण्याची टाकी मध्ये येते, कुणाचा कपडे वाळत घालायचा दांडा. म्हणून शेवटचे वीस-बावीस जोड माणसालाच करावे लागतात. तांब्याच्या तारा धातूच्या टोपीत घालायच्या आणि क्रिम्परने, म्हणजे त्या लांब मुठींच्या पकडीने, आवळायच्या.

बारा वर्षांपूर्वी या जोडांवर संशोधन करणाऱ्यांना एक गंमत सापडली. आवळलेल्या तारा एकमेकींना सगळीकडे टेकत नाहीत, हजारो बारीक ठिपक्यांवर टेकतात. वीज वाहू लागली की हे ठिपके कुजबुजतात, आणि ती कुजबुज दाबणाऱ्याच्या हातावर ठरते. मनगट किती कललं, दाब एका दमात दिला की मध्येच थबकला, शेवटी सोडताना घाई झाली का, हे सगळं तांब्यात राहून जातं. क्रिम्पर एकच असला तरी दोन माणसांचे जोड सारखे बोलत नाहीत. अक्षरावरून माणूस ओळखावा तसा आता जोडावरून हात ओळखता येऊ लागला. ते ऐकणाऱ्या यंत्राचं सरकारी नाव 'जोडवाचक'. लोक त्याला नुसतं 'कान' म्हणायचे.

मग एका गृहसंकुलाला भीषण आग लागली. मान्यता एकाची आणि काम भलत्याचंच, असं चौकशीत निघालं आणि सरकारने तावातावाने कायदा केला. तेव्हापासून मान्यता कागदाला मिळत नाही, हाताला मिळते. परीक्षकासमोर चाळीस जोड करायचे, त्यांची कुजबुज हस्तनोंदीत जाते. ग्राहकाची हमी आणि विमा त्या हाताला बांधलेले असतात. छतावर नोंद नसलेला हात सापडला, की त्याच संध्याकाळी सहा वाजता बसवणाऱ्याची मान्यता रद्द होते आणि त्या मान्यतेवर आधारलेलं प्रत्येक घराचं संरक्षणही जातं. सुटकेची वाट एकच आहे. सहाच्या आत बसवणाऱ्याने आपणहून कबुली दिली, तर सगळ्या घरांचं संरक्षण टिकतं आणि सहा महिन्यांत चुकीचे जोड बदलून द्यावे लागतात.

कालिंदीच्या हातातल्या पडद्यावर लिहिलं होतं: जोड सात, नोंद नसलेला हात, बळकटी दहापैकी तीन.

असा जोड दोन उन्हाळे काढतो. तिसऱ्या उन्हाळ्यात तो घर पेटवू शकतो.

"सर," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "यातला एखादा जोड दुसऱ्या कुणी केला होता का?"

"छे! अण्णांनी एकट्याने केलं सगळं. मी इथे बसून होतो, सकाळपासून." मग सरांचा चेहरा खुलला. "हां, मुहूर्ताचा तेवढा मी केला. पूर्वेच्या कोपऱ्यातला, हाच."

त्यांनी फायलीतून फोटो काढला. पॅनेलला हळदीकुंकू लावलेलं, समोर फोडलेला नारळ, सरांच्या डोक्यावर टोपी आणि दोन्ही हातांत क्रिम्पर. शेजारी भरमूअण्णा हात जोडून उभे होते.

कागद न् कागद तपासणाऱ्या माणसाने आपल्या घराचं संरक्षण स्वतःच्या हाताने घालवलं होतं, तेही टोपी घालून.

तिने समजावून सांगितलं तेव्हा सर आधी हसले, मग फाईल उघडून कलम शोधू लागले, आणि ते सापडल्यावर त्यांनी फाईल मिटली. "पण मी तर... घरचं कार्य म्हणून... अण्णांना काही होणार नाही ना? मी ही तपासणी मागे घेतो."

"मागे घेता येत नाही, सर. वाचन यंत्रात बंद झालंय. सहा वाजता ते आपोआप जाणार."

"आणि बाकीची घरं?"

अण्णांच्या नावावर हस्तनोंद सुरू झाल्यापासून तीनशे अकरा घरं होती. सर टिपणांची वही आणायला खाली गेले, तशी ती क्रिम्परच्या पेटीकडे बघत राहिली. तिच्याकडे क्रिम्पर होता, तारा होत्या. तिचा हात अण्णांच्या हातासारखाच होता. परीक्षेत कानाने तिचा पहिला जोड अण्णांचा म्हणून सांगितला होता आणि परीक्षकाने तिला दहा जोड पुन्हा करायला लावले होते. सातवा जोड कापून तिने नवा दाबला असता आणि यंत्र बिघडल्याचं कळवून हे वाचन बाद करवलं असतं, तर कुणाला कळलं असतं? पण उरलेल्या तीनशे दहा घरांतही असाच मुहूर्त झाला असेल तर? तिथे कोण चढणार होतं? तिने पेटीचं झाकण लावलं आणि जिना उतरली.

बुधगावात भरमूअण्णांची पत्र्याची शेड होती. कालिंदी पोचली तेव्हा दीड वाजून गेला होता. अण्णा खाली बसून वायरचं वेटोळं सोडवत होते. वय पासष्ट, अंगात बंडी, कानाला पेन्सिल.

"ये पोरी. जेवलीस?"

"अण्णा, आरवाडे सरांच्या छतावरचा सातवा जोड कुणाचा?"

"मास्तरांचा. मुहूर्ताचा हाय त्यो."

"आणि बाकीच्या घरांत?"

"ज्येच्या-त्येच्या घरच्यांचा." त्यांनी वेटोळं बाजूला ठेवलं. "घरच्या माणसाचा हात लागल्याबिगर वस्तू घरची हुईत न्हाई. कुटं आजोबांनी दाबला, कुटं नव्या सुनंनं."

"सगळ्या घरांत?"

"सगळ्या."

कालिंदी तिथल्याच एका खोक्यावर बसली. "नंतर तो कापून तुम्ही स्वतःचा घालत असाल ना? तसं सांगा अण्णा."

"त्येंच्या देखत कसा कापायचा? आन् मागनं कापला तर ती फसवणूक न्हवं का? मी वडून बगत हुतो की प्रत्येक. एक बी निसटला न्हाई."

"ओढून कळत नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला! वर घट्ट आणि आत पोकळ. सरांचा जोड दहात तीन आहे. तिसऱ्या उन्हाळ्यात पेटू शकतो तो."

अण्णांचा चेहरा उतरला. हे त्यांना खरोखर लागलं होतं. इतका वेळ ताठ बसलेला माणूस एकदम वाकल्यासारखा झाला. कालिंदीने संधी साधून टॅबवर कबुलीचा अर्ज उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. सहा महिने आहेत, सगळे जोड बदलता येतील, लोकांचं नुकसान होणार नाही, फक्त सही करा, असं ती भराभर बोलत सुटली. अण्णांनी चष्मा लावला. एक एक ओळ बोटाखाली धरून ते वाचू लागले. पहिलं पान, दुसरं, तिसरं. चौथ्यावर त्यांचं बोट थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

मग त्यांनी टॅब तिला परत दिला. "न्हाई द्यायची कबुली."

"का?"

"न्हाई म्हणलो न्हवं."

तिने विनवून पाहिलं, कायदा सांगून पाहिला. अण्णा पुन्हा वेटोळं सोडवायला लागले. शेवटी तिचा तोल गेला. "मानापायी तीनशे घरं उघड्यावर टाकणार तुम्ही? कुणाच्या घरात लेकरं आहेत, म्हातारी माणसं आहेत. तुमच्या भरवशावर झोपतात ती!"

"ठावं हाय मला." त्यांचा आवाज चढला नाही. "तू जा. तुझं वाचन धाड जा."

ती तरातरा बाहेर आली आणि गाडीला किल्ली लावून तशीच उभी राहिली. पुढे कुठे जायचं हेच तिला कळत नव्हतं. ती गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. कार्यालयात जाऊन वरिष्ठांचे पाय धरावेत असं वाटलं, पण वरिष्ठांच्या हाती काही नव्हतं. घड्याळात चार वाजले, पाच वाजले. ती पुन्हा शेडपाशी आली तेव्हा अण्णांच्या पत्नी, सगळ्यांच्या पद्माकाकू, तांब्याभर ताक घेऊन दारातच उभ्या होत्या.

"पी आदी. तोंड बग कसं झालंय."

"काकू, तुम्ही तरी सांगा त्यांना. इतके हट्टी कधी नव्हते हो."

काकूंनी आत वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हट्ट न्हाई गं त्यो. तू त्यो फारम शेवटपतूर वाचलास का?"

कालिंदीने वाचला नव्हता. अर्ज बसवणाऱ्यांसाठी असे, तपासणाऱ्यांना पहिल्या पानापुरतंच काम असे. तिने टॅब उघडला. चौथ्या पानावर एक रकाना होता: 'नोंद नसलेल्या हातात हत्यार सर्वप्रथम कोणी दिले? नाव व सध्याचा हुद्दा लिहावा.'

"पाणी प्यायला आत आलं तवा म्हणालं," काकू सांगत होत्या, "खोटं लिव्हायचं न्हाई आन् खरं बी लिव्हायचं न्हाई, म्हणून लिव्हायचंच न्हाई. तूच न्हवं का सुरवात केलीस? कवलापूरच्या गंगाक्काकडं?"

कालिंदी विसरली नव्हती. सरांनी फोटो दाखवला तेव्हापासून तिला ते आठवत होतं, आणि सकाळपासून ती त्या आठवणीच्या आसपासही फिरकायचं टाळत होती. हस्तनोंद नुकतीच सुरू झाली होती आणि अण्णांच्या नव्या मान्यतेवरचं ते पहिलंच घर होतं. ती चोवीस वर्षांची होती, आणि गंगाक्का डोळ्यांनी पूर्ण अधू. चाचपडत जिना चढून म्हातारी वर आली आणि म्हणाली, "समदी म्हणत्यात उन्हाची वीज आली. मला ना ऊन दिसतंय, ना वीज. हाताला तरी कळू दे काय बसवलंसा." कालिंदीला भरून आलं होतं. तिने क्रिम्पर म्हातारीच्या हातात दिला. खट्‌ असा आवाज झाल्यावर गंगाक्का लहान पोरीसारखी हसली होती. अण्णा मागे उभे होते. "चांगलं केलंस पोरी," म्हणत त्यांनी डोळे पुसले. पुढच्या घरी जाताना ते नारळ घेऊन आले. दोन महिन्यांनी कालिंदी तपासनीसाच्या परीक्षेसाठी निघून गेली, आणि तिने केलेली ती गोष्ट इथे रिवाज होऊन राहिली.

रकान्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. तिथे ज्याचं नाव येईल त्याला यापुढे तपासनीसपदावर राहता येणार नाही, आणि ते सगळे जोड त्याने बसवणाऱ्याच्या सोबतीने स्वतःच्या हाताने बदलून द्यायचे.

जिल्ह्यातली ती पहिली बाई तपासनीस होती. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा तिने ते पद मिळवलं होतं, आणि तिला त्याचा गर्व होता. अगदी उघड, दारावर पाटी लावण्याइतका गर्व. तिने नवऱ्याला फोन लावला.

सुकुमारने सगळं ऐकून घेतलं. "तू लिहू नकोस," तो म्हणाला. "अण्णांना त्यांचंच नाव लिहू दे. नऊ वर्षांपूर्वीचं कोण बघायला जातंय?"

"ते खोटं लिहिणार नाहीत."

"मग तो त्यांचा प्रश्न झाला, कालिंदी. तू कशाला पुढे होतेस? रात्र-रात्र जागून अभ्यास केलास, मी बघितलंय. सगळं एका म्हातारीच्या हौसेपायी सोडणार?"

"हौस तिची होती. हत्यार मी दिलं."

"हे बघ, ऐक माझं..."

"सुकुमार, सहाला अर्धा तास राहिलाय." तिने फोन ठेवला. तो रागावणार होता आणि त्याचं रागावणं काही चुकीचं नव्हतं. पळून जावं, गाडी काढावी आणि सहा वाजेपर्यंत कुठेही न थांबता चालवत राहावी, असं तिला मनापासून वाटलं. सहानंतर मग काही करायचं उरलंच नसतं.

ती शेडमध्ये गेली. अण्णांनी वर पाहिलं नाही. ती त्यांच्या समोर खालीच बसली, टॅब मांडीवर घेतला आणि चौथ्या पानावर लिहू लागली. कालिंदी सुकुमार शिरगुप्पे, तपासनीस.

अण्णांनी डोकावून पाहिलं आणि त्यांचा हात एकदम पुढे आला. "खोड ते."

"नाही."

"पोरी, काय करतीयास कळतंय का तुला? लई मेहनतीनं गेलीयास तू तितवर. मी म्हातारा गडी. माजी मान्यता गेली तर गेली."

"तुमची एकट्याची जात नाही ना अण्णा. तीनशे अकरा घरांची जाते."

"म्हणून तुझं नाव?"

"मीच दिलं होतं हत्यार. तुम्ही नुसतं बघितलंत आणि चांगलं म्हणालात." तिने टॅब त्यांच्या हाताबाहेर ओढला. "तेव्हा एक थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "कशी मारणार? मला बी लई ग्वाड वाटलं हुतं गं त्ये."

"सही करा."

सहाला आठ मिनिटं कमी असताना त्यांनी सही केली. मग काकूही आत आल्या आणि तिघंही यंत्राकडे बघत बसली. काकूंनी तेवढ्यात दोनदा घड्याळ पाहिलं, अण्णांनी कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा लावली. सहाला यंत्र थरथरलं. कालिंदीने वाचून दाखवलं: मगदूम यांची कबुली मान्य, तीनशे अकरा घरांचं संरक्षण कायम. त्याखाली आणखी एक ओळ होती, ती तिने मनातच वाचली. तिची ओळख बाद झाली होती. पडदा काळा झाला आणि कळ दाबूनही पुन्हा उजळला नाही.

काकू पदर तोंडाशी धरून आत गेल्या. कालिंदीने आरवाडे सरांना फोन करून घर सुरक्षित असल्याचं सांगितलं. त्यांनी तिचे चार-चारदा आभार मानले आणि सहा महिन्यांची मुदत कामाच्या दिवसांची की सगळ्या दिवसांची, असंही विचारलं. इतक्या सगळ्यातही तिला हसू आलं.

"उद्यापासनं सुरवात कुटनं करायची?" अण्णांनी विचारलं.

"गंगाक्कांकडून. तो जोड सगळ्यांत जुना आहे. नऊ उन्हाळे निघाले हे नशीबच."

"तिला काय सांगणार? तिच्या हातचा कापतोय म्हणून?"

म्हातारीच्या चेहऱ्यावरचं ते हसू कालिंदीच्या डोळ्यांसमोर होतं, आणि उद्या ते पुसायचं काम तिचंच होतं. "सांगेन की चूक माझी होती. तुमच्या हाताची नाही."

"रडंल ती."

"रडेल. मलाही रडू येईल, अण्णा. पण जोड कापायचा."

अण्णांनी मान हलवली आणि वायरचं वेटोळं तिच्याकडे सरकवलं. "मग आठवड्याच्या बारा घरांपुरते बारा तुकडे कापून ठेव, एक-एक हाताचं. आन् सकाळी सातला ये. ऊन चढलं की तांबं हातात धरवत न्हाई."

कालिंदीने बाह्या वर केल्या आणि पहिला तुकडा मोजायला घेतला.